बँक म्हणते सात दिवस, नियमाने भरतात तीनच

चिपळूणच्या एका किराणा दुकानदारांचं पत्र आहे. 20 ऑक्टोबर 2025, नरकचतुर्दशीचा सोमवार. व्हॉट्सअ‍ॅपवर 'आरटीओ चलान' नावाची एपीके फाइल, म्हणजे फोनवर अ‍ॅप बसवणारी फाइल, आली. टेम्पोला दंड लागला असेल म्हणून त्यांनी ती उघडली, मागेल ती परवानगी दिली. रात्री बचत खात्यातून तीन वेळा मिळून 1 लाख 86 हजार रुपये गेल्याचे मेसेज आले. ओटीपी कुणालाच सांगितला नव्हता. 27 तारखेला शाखेत लेखी तक्रार दिली, शिक्क्याची पोच घेतली. 29 ला आणखी 22 हजार गेले. आता बँकेचं पत्र आलंय: ओटीपी बरोबर पडला होता, शिवाय सात दिवसांनी कळवलंत, सबब दावा नामंजूर. अशी पत्रं सतत येतात. फक्त गाव आणि रक्कम बदलते.

फाइल उघडायला नको होती, हे तुम्हाला आता कळलंच आहे. तुमचं प्रकरण ठरणार आहे ते सात या आकड्यावर, आणि तो आकडा चुकीचा आहे.

त्या दिवशी लागू असलेलं रिझर्व्ह बँकेचं 6 जुलै 2017 चं परिपत्रक कामकाजाचे दिवस मोजायला सांगतं. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, अशा व्यवहारात बँकेचा मेसेज मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. मेसेजचा दिवस धरायचा नाही आणि सुट्ट्या तुमच्या शाखेच्या पाहायच्या. आता कॅलेंडर काढा. 21 ला लक्ष्मीपूजन, 22 ला पाडवा, बँक बंद. 23 ला भाऊबीज असली तरी बँक चालू, तो पहिला दिवस. 24 दुसरा. 25 ला चौथा शनिवार, 26 रविवार. सोमवार 27 हा तिसरा. तुम्ही मुदतीत आहात, अगदी शेवटच्या दिवशी. ती पोच आजच्या आज लॅमिनेट न करता प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये ठेवा. मूळ कागद दाखवावा लागेल.

29 तारखेच्या 22 हजारांवर तर वादच नको. कळवल्यानंतर झालेलं नुकसान बँकेचं, मग आधी ग्राहकाचा निष्काळजीपणा असो वा नसो.

अडचण आहे ती दुसऱ्या मुद्द्यावर. ग्राहकाच्या हलगर्जीपणाने पैसे गेले, तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचंच, असंही तेच परिपत्रक म्हणतं. फाइल बसवणं म्हणजे हलगर्जीपणा, असं बँक म्हणणार. त्यावर काय निकाल लागेल, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. मात्र ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करायचा भार बँकेवर आहे, आणि 'ओटीपी बरोबर पडला' एवढ्याने तो उतरत नाही. एसएमएस वाचणाऱ्या फाइलला ओटीपी आयताच मिळतो. गुवाहाटीच्या एका ग्राहकाने भामट्याच्या सांगण्यावरून अ‍ॅप घेतलं होतं, तरीही पैसे द्यायचा आदेश झाला आणि 3 जानेवारी 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने स्टेट बँकेची याचिका फेटाळली. त्याने मात्र 24 तासांत कळवलं होतं.

तुम्ही लिहिता, बँक बंद होती म्हणून थांबलो. सायबर फसवणुकीची 1930 ही हेल्पलाइन बंद नव्हती, बँकेची हेल्पलाइनही चालूच होती. त्या रात्री फोन केला असता तर पुढच्या खात्यात पैसे गोठवता आले असते. आणि 'व्हायरस जावा म्हणून' फोन रीसेट केलात, चॅटही पुसलंत! ती फाइल हा तुमचा पुरावा होता. पुढे असं काही झालं तर सिम काढा, फोन बंद करा आणि आहे तसा सायबर पोलिसांकडे न्या.

आता उरला बँकेकडचा पुरावा. तो लेखी मागा: त्या तिन्ही व्यवहारांचे आयपी अ‍ॅड्रेस, कोणत्या उपकरणावरून लॉगिन झालं, पैसे घेणारी खाती कधी जोडली गेली आणि ती जोडल्याचा मेसेज तुम्हाला गेला का. मुंबई उच्च न्यायालयाने 2024 मध्ये बँक ऑफ बडोदाला 76 लाखांवर रक्कम परत करायला लावली, त्यातही खाती जोडण्याचाच मुद्दा होता. तक्रारीनंतर दहा कामकाजाच्या दिवसांत तुमची गेलेली रक्कम तात्पुरती खात्यात जमा करायला हवी होती, ती का केली नाही, हेही विचारा.

मग रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. फी नाही, आणि तिथे वकिलामार्फत तक्रार चालत नाही. 2021 च्या लोकपाल योजनेत बँकेच्या उत्तरापासून एक वर्षाची मुदत होती. आधी ग्राहक आयोगात गेलात, तर लोकपाल हात वर करतील, म्हणून क्रम उलटा करू नका. पोलिसांची एफआयआर जरूर नोंदवा, पण तिच्या तपासावर विसंबून लोकपालाची मुदत घालवू नका; हे तपास कसे रेंगाळतात ते मी रोज पाहते. तक्रारीच्या पहिल्याच परिच्छेदात 20 ते 27 ऑक्टोबरचं कॅलेंडर मांडा, शाखेच्या सुट्ट्यांसह.