अमेरिकेत राज्यशास्त्राच्या पीएचडीसाठी डिसेंबरमध्ये ७ ठिकाणी अर्ज केलेत, फेब्रुवारी संपत आला तरी ५ ठिकाणांहून काहीच कळलं नाही. विभागाला मेल करून विचारू का? आणि माझी रेकमेंडेशन लेटर्स सरांनी मलाच लिहायला लावली होती, त्याचा फटका बसेल का?

वयाने लहान वाटतेस म्हणून अगंतुगं करते, राग मानू नकोस. मेलचं नंतर सांगते, आधी त्या लेटरचं, कारण ते वाचून मला राहवलं नाही.

मी २०१८ च्या डिसेंबरमध्ये ८ फॉर्म भरले. डॉलर तेव्हा सत्तरीत होता, नुसत्या फॉर्मच्या फीचे पंचेचाळीस हजाराच्या आसपास गेले, त्यातले निम्मे आत्याने दिले. आत्या आमच्या गावची माजी सरपंच, महिला आरक्षण होतं तेव्हा निवडून आली, पुढच्या सोडतीत पद खुलं झालं आणि घरातच ठरलं की आता ती उभी राहणार नाही. माझं एमएचं डिझर्टेशन त्यावरच होतं, तालुक्यातल्या ४१ गावांत आरक्षण उठल्यावर पुढच्या वेळी किती बायका परत सरपंच झाल्या. मुंबई महापालिकेच्या वॉर्डांवर असा एक पेपर २००९ साली आलेला, त्यात आधी राखीव असलेल्या वॉर्डात बाई निवडून यायची शक्यता बाकी वॉर्डांच्या जवळपास पाचपट निघाली होती. मला बघायचं होतं गावात तसं होतं का. तहसीलमधे बसून सोडतीची जुनी रजिस्टरं हाताने उतरवून घेतली, दीड महिना गेला त्यात.

तर लेटर. विभागातले सगळ्यात मोठं नाव असलेले सर म्हणाले, तूच टाइप कर, मी बघतो. ठीक. मग कळलं की लेटर अपलोड करायची लिंक थेट त्यांच्या ईमेलवर येते. त्यांनी पुरवणीचा एक कागद ओढला, मागे ईमेलचा पासवर्ड लिहिला आणि माझ्या हातात दिला. म्हणाले, तूच उघड, तूच टाक, मला त्यातलं काही कळत नाही. तो कागद मी चार दिवस वहीत ठेवला. रूममेट म्हणाली वेडी आहेस का, सगळे हेच करतात, तिने स्वतःची तिन्ही स्वतःच लिहिलेली. माझ्याने नाही झालं. फॉर्मवर मी सही केलेली की हे पत्र मी बघणार नाही, आणि ते मीच लिहायचं? सरांना कागद परत केला तर म्हणाले, लय शहाणी झालीस, मग मिळव दुसऱ्याचं. नंतर वर्षभर बोलले नाहीत.

डेडलाइन १५ डिसेंबरची, त्यांच्या रात्रीचे ११:५९ म्हणजे आपल्याकडे १६ ची सकाळ, १०:२९. रिटायर झालेल्या एक मॅडम होत्या, त्यांनी एकच सेमिस्टर रिसर्च मेथड्स शिकवलेलं, त्यांना फोन केला. त्यांनी आधी डिझर्टेशन मागवून घेतलं आणि रात्री उलट फोन केला, "तक्त्यात ३९ च गावं आहेत गं, दोन कुठे गेली?" मी सांगितलं, त्या दोन ग्रामपंचायती मध्येच फुटून वेगळ्या झाल्या, जुना रेकॉर्ड जुळत नाही म्हणून वगळल्या. बरं म्हणाल्या आणि ठेवला फोन. १६ ला सकाळी पावणेदहाला अपलोड झालं.

जानेवारीअखेर एका ठिकाणाहून स्काइपवर मुलाखतीला बोलावलं. तिथल्या प्राध्यापकाचा दुसराच प्रश्न, ती दोन गावं वगळली नसती तर निष्कर्ष बदलला असता का? मी पाठवलेल्या रायटिंग सॅम्पलमधे ती गावं नव्हतीच, मी तो भाग पानांच्या मर्यादेसाठी कापला होता. म्हणजे ते मॅडमच्या पत्रातून आलेलं. त्याच विभागाने मला मार्चमध्ये वेटलिस्टवर टाकलं आणि १३ एप्रिलला फंडिंगसकट घेतलं. बाकी ६ नकार, एक उत्तर जूनमध्ये आलं, तेही नकारच.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की मोठ्या नावाचं गुळमुळीत पत्र काही कामाचं नाही, आणि स्वतः लिहिलेलं तर कधीच नाही, कारण आपण स्वतःला हुशार, मेहनती, प्रामाणिक याच्यापुढे काही लिहू शकत नाही. सगळे करतात हे कारण मला तेव्हाही पटलं नव्हतं. तुझी आता गेलेली आहेत, ती बदलता येणार नाहीत, त्याचा विचार सोड. पुढच्या वर्षी परत भरायची वेळ आली तर तुझं काम खरंच वाचलेला माणूस शोध, ज्युनियर असला तरी चालेल.

आता मेल. फेब्रुवारीत नको. पहिल्या फेरीतल्यांना आधी कळवतात, वेटलिस्टवाल्यांना बऱ्याचदा काहीच सांगत नाहीत, आणि फंडिंग मिळालेल्यांना हो-नाही सांगायला १५ एप्रिलपर्यंत मुदत असते, त्यामुळे जागा शेवटच्या आठवड्यात मोकळ्या होतात. ही १५ एप्रिलची मुदत अमेरिकेतल्या ग्रॅज्युएट स्कूल्सच्या संघटनेच्या (Council of Graduate Schools) एका ठरावातून आलेली आहे, आणि तो मान्य केलेल्या विद्यापीठांनाच लागू आहे, तुझ्या यादीतली कुठली त्यात आहेत बघून घे. आणि माझा अनुभव जुना आहे, २०२५ पासून पैशांच्या कपातीमुळे तिकडे बऱ्याच ठिकाणी पीएचडीच्या जागा कमी झाल्यात, तेव्हा नकार आला तर तो तुझ्या कामावरचा निकाल आहे असं धरू नकोस. १५ मार्च उलटला की विभागाच्या ग्रॅज्युएट कोऑर्डिनेटरला चार ओळींचा मेल कर, प्राध्यापकांना नको. मधे दुसरीकडून ऑफर आली तर मात्र उत्तर न आलेल्या विभागांना त्याच दिवशी कळव.