सगरमाथा राष्ट्रीय उद्यान : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

नेपाळच्या खुंबू भागातल्या, एव्हरेस्टला कुशीत घेणाऱ्या या उद्यानात जाण्याआधी वाचकांनी विचारलेले पाच प्रश्न.

प्रश्न : भारतीयांना नेपाळचा व्हिसा लागत नाही. मग आधार कार्ड पुरेल ना? आणि परवाने आधीच काढायचे का?

आधार पुरणार नाही. विमानाने जाणाऱ्या १५ ते ६५ वयाच्या भारतीयाकडे पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र हवं. दोन्ही असतील तर पासपोर्टच न्या, पुढच्या नोंदींना तो सोयीचा पडतो.

परवाने दोन आणि दोन्ही वाटेत मिळतात : खुंबू पासाङल्हामु गाउँपालिकेचा (तिथल्या ग्रामीण पालिकेचा) लुक्लात, म्हणजे जिथे विमानाने उतरून चालायला सुरुवात होते त्या गावात, आणि उद्यानाचा मोंजो गावच्या प्रवेशद्वारावर. उद्यानाचं मूळ शुल्क भारतासह सार्क देशांच्या नागरिकांना १,५०० नेपाळी रुपये आहे, इतर परदेशी प्रवाशांना ३,०००. एजंटच्या पॅकेजमध्ये कुठला दर धरलाय ते विचारून घ्या. शुल्क रोख भरायची तयारी ठेवा. एक भारतीय रुपया म्हणजे १.६० नेपाळी रुपये, हा दर स्थिर आहे. वाटेतल्या नामचे गावात एटीएम आहेत, पण वीज किंवा नेटवर्क गेलं की बंद. त्यामुळे लागणारी सगळी रोकड काठमांडूतूनच घ्या.

प्रश्न : लुक्लाहून सकाळचं विमान आणि त्याच संध्याकाळी काठमांडूहून घरचं विमान, असं तिकीट काढलं तर?

काढू नका. लुक्लाची धावपट्टी जेमतेम ५२७ मीटरची, जवळपास १२ टक्के चढाची आणि एका टोकाला डोंगर. उतरताना अखेरच्या टप्प्यात बेत बदलून पुन्हा वर उडायची सोय नाही. वैमानिकाला धावपट्टी डोळ्यांनी दिसावीच लागते. दुपारकडे वारा आणि ढग वाढतात, म्हणून बहुतेक उड्डाणं सकाळीच होतात. सकाळ ढगाळ गेली की दिवस गेलाच म्हणा.

खरी अडचण त्यानंतर सुरू होते. दुसऱ्या दिवशी आधी त्या दिवशीचे प्रवासी चढतात, आणि रद्द झालेल्यांना उरलेल्या जागा किंवा जादा फेरी मिळते. म्हणजे एक ढगाळ दिवस तुमचे दोन-तीन दिवस खाऊ शकतो. परतीला दोन मोकळे दिवस ठेवा, तीन असतील तर उत्तम. हेलिकॉप्टर हा पर्याय आहे, पण ढगात तेही उडत नाही.

गर्दीच्या हंगामात बरीच उड्डाणं काठमांडूऐवजी रामेछापमधल्या मंथलीहून होतात. रस्त्याने चार-पाच तास लागतात, म्हणून मध्यरात्रीनंतर लगेच निघावं लागतं. तिकिटावर विमानतळ कोणता लिहिलाय ते नीट पाहा. सामानाची मर्यादा सहसा १५ किलो, हातातली पिशवी धरून. पॉवर बँक हातातल्या पिशवीतच हवी.

प्रश्न : आम्ही नियमित हाफ मॅरेथॉन धावतो. एव्हरेस्ट बेस कॅम्पचा १२ दिवसांचा कार्यक्रम ९ दिवसांत बसवता येईल का?

चढतानाचे दिवस कापून नाही. दमसास वेगळा आणि उंचीची सवय वेगळी. बेस कॅम्पआधीच्या शेवटच्या मुक्कामी, गोरक्षेपला (५,१६४ मीटर), समुद्रसपाटीच्या जवळपास निम्माच ऑक्सिजन मिळतो. श्वासाचा वेग वाढणं, रक्तातला आम्लाचा तोल मूत्रपिंडांनी सावरणं, हे बदल व्हायला दिवस लागतात आणि व्यायामाने ते लवकर होत नाहीत. उलट धावणारा माणूस पाय साथ देतात म्हणून भराभर वर जातो आणि अडकतो.

नियम असा : ३,००० मीटरच्या वर झोपण्याची उंची एका दिवसात साधारण ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच गावी जास्तीची काढावी. लुक्लाहून फाकदिंग (२,६१०), मग नामचे (३,४४०) दोन रात्री, तेंगबोचे (३,८६०), दिंगबोचे (४,४१०) दोन रात्री, लोबुचे (४,९४०) आणि गोरक्षेप. यात फाकदिंग ते नामचे ही उडी मोठी आहे. म्हणून पहिला मुक्काम थोडा पुढे मोंजोला (२,८३५) केलेला जास्त बरा. मुक्कामाच्या दिवशी पडून राहू नका. तीन-चारशे मीटर वर चढा आणि झोपायला खाली या. दिवस वाचवायचाच असेल तर उतरताना वाचवा.

डोकेदुखीसोबत मळमळ, भूक मरणं किंवा अंगातलं त्राण जाणं दिसलं की पुढे चढायचं नाही. तोल जाणं, बोलण्यात गोंधळ, बसल्या जागी धाप लागणं, यांपैकी काहीही झालं तर रात्र असली तरी ताबडतोब खाली उतरवायचं, आजाऱ्याला एकटं न सोडता. उंचीचा त्रास होऊ नये म्हणून डायमॉक्सची गोळी सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून देतात. बोटांना मुंग्या येतात, लघवी वाढते. सल्फाची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. गोळी घेतली म्हणून दिवस कमी करता येत नाहीत.

विमा घेताना दोन गोष्टी लेखी विचारा : ६,००० मीटरपर्यंतचं ट्रेकिंग धरलंय का, आणि हेलिकॉप्टरने हलवण्याचा खर्च मिळतो का. साध्या प्रवास विम्यात उंचीची मर्यादा बारीक अक्षरांत लिहिलेली असते.

प्रश्न : आई-वडील साठीच्या पुढचे आहेत. बेस कॅम्पपर्यंत न जाता एव्हरेस्ट दिसेल?

दिसेल, आणि छान दिसेल. बेस कॅम्पवरून तर शिखर दिसतच नाही, तिथे गेल्यावर त्यासाठी गोरक्षेपजवळचा काला पत्थर हा डोंगरच चढावा लागतो. तुम्ही नामचेत तीन रात्री राहा. एक दिवस पूर्ण विश्रांती, दुसऱ्या दिवशी स्यांगबोचेवरून हॉटेल एव्हरेस्ट व्ह्यूपर्यंत (३,८८०) हळूहळू चढा. एव्हरेस्ट, ल्होत्से आणि आमा दब्लम समोर येतात. पहाटे निघा, दहानंतर ढग चढू लागतात. ऑक्टोबर-नोव्हेंबर सर्वांत स्वच्छ, मार्च ते मे दुसरा पर्याय. जाण्याआधी दोघांचाही रक्तदाब आणि हृदय तपासून घ्या.

प्रश्न : वाटेत पाणी, चार्जिंग, जेवण?

बाटलीबंद पाणी विकत घेऊ नका, रिकाम्या बाटल्या तिथून खाली आणणं फार अवघड आहे. उकळलेलं घ्या किंवा क्लोरीनच्या गोळ्या वापरा, पण थंड पाण्यात गोळीला जास्त वेळ द्या. चार्जिंगचे पैसे उंचीबरोबर वाढतात आणि थंडीत बॅटरी पटकन उतरते, म्हणून रात्री फोन स्लीपिंग बॅगमध्ये ठेवा. शाकाहाऱ्यांची आबाळ होत नाही. डाळभात सगळीकडे मिळतो आणि पुन्हा वाढतात. मांसाहारी असलात तरी नामचेच्या वर मांस टाळा : उद्यानात कत्तल होत नाही, मांस खालून पाठीवर वाहून आणतात. आणि याक किंवा खेचरं समोरून आली की डोंगराच्या बाजूला उभे राहा, दरीच्या बाजूला कधीच नाही.