लिन नॉटेज कोण? तिचं कोणतं नाटक आधी वाचावं?

अमेरिकन नाटककार. दोनदा नाटकाचं पुलित्झर (अमेरिकेतला मानाचा पुरस्कार) मिळवणारी एकमेव बाई, ही तिची नेहमीची ओळख. जन्म १९६४, ब्रुकलिन. येल विद्यापीठात नाट्यलेखन शिकली आणि नंतर चार वर्षं अॅम्नेस्टी इंटरनॅशनल या मानवी हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेत नोकरी केली. माझ्या मते तिच्या लेखनाचं मूळ तिथेच आहे: आधी माणसांना भेटायचं, ऐकायचं, मग लिहायचं.

‘रुइन्ड’साठी (पुलित्झर २००९) ती युगांडात जाऊन काँगोच्या निर्वासित बायकांशी बोलली. ‘स्वेट’साठी (२०१७) पेनसिल्व्हेनियातल्या रेडिंग गावी वारंवार गेली. कारखाना बंद पडायला लागल्यावर एकाच बारमध्ये बसणारे जुने मित्र एकमेकांच्या जिवावर कसे उठतात, ते त्यात आहे. गिरणगाव पाहिलेल्या माणसाला ते परकं वाटणार नाही.

पण सुरुवात ‘इंटिमेट अॅपरल’पासून करा. काळ १९०५, न्यूयॉर्क. एस्थर ही कृष्णवर्णीय शिवणकाम करणारी बाई श्रीमंत गोऱ्या बायकांची आणि वेश्यांचीही अंतर्वस्त्रं शिवते आणि साठवलेले पैसे गोधडीत शिवून ठेवते. त्या गोधडीचं पुढे काय होतं, ते सांगत नाही.

मायकल जॅक्सनवरच्या ‘एमजे’ या संगीतिकेची संहिताही तिचीच, पण ते वेगळंच प्रकरण.