प्रश्न तुमचे: कॉलेज आइस हॉकीत हंगामाचा मानकरी कसा निवडावा?

प्रश्न : अमेरिकेतल्या कॉलेज आइस हॉकीचा नियमित हंगाम संपला की आम्ही काही जण एका कॉन्फरन्ससाठी (आपापसांत नियमित खेळणाऱ्या संघांच्या गटासाठी) आपले स्वतःचे पुरस्कार ठरवतो. ज्याचे पॉइंट सर्वाधिक, तोच सर्वोत्तम खेळाडू, असं धरलं तर काय बिघडतं?

उत्तर : आधी सामने कोणते धरायचे ते ठरवा, कारण निम्मे वाद इथेच होतात. पुरस्कार कॉन्फरन्सचा असेल तर कॉन्फरन्समधलेच सामने धरा. ऑक्टोबरात बाहेरच्या दुबळ्या संघावर केलेले तीन गोल इथे मोजायचे नाहीत. बिग टेन या कॉन्फरन्समध्ये ७ संघ एकमेकांशी ४-४ वेळा खेळतात, म्हणजे प्रत्येकाचे २४ सामने होतात. ईसीएसी कॉन्फरन्समध्ये १२ संघ आणि दोन फेऱ्या, म्हणून २२. दोन्हीकडे वेळापत्रक समान असल्याने तुलना सरळ होते. एनसीएचसी या कॉन्फरन्समध्ये मात्र काही संघांशी चार सामने आणि काहींशी दोनच. तिथे कोणाच्या वाट्याला तळाचे संघ जास्त आले, हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मग पॉइंट फोडून पाहा. गोलला एक पॉइंट आणि एका गोलमागे जास्तीत जास्त दोन असिस्ट (गोलआधीचे पास), त्यांनाही एकेक. समजा, दोघांचे ३०-३० पॉइंट आहेत. पहिल्याचे १४ पॉवर प्लेवर (शिक्षेमुळे समोरचा खेळाडू कमी असताना) आणि ३ रिकाम्या जाळीत (मागे पडलेल्या संघाने जादा खेळाडूसाठी गोलरक्षक बाहेर काढल्यावर), तर दुसऱ्याचे अनुक्रमे ७ आणि १. समान खेळाडू मैदानात असताना पहिल्याचे १३ उरतात, दुसऱ्याचे २२. पॉवर प्ले चालवणं हेही कौशल्यच, ते शून्य धरू नका. पण बरोबरी असेल तर आमचं मत दुसऱ्याला.

प्रश्न : एका गोलरक्षकाची सेव्हची टक्केवारी ९३.१ आहे, पण सामने ११. दुसऱ्याची ९२.१, सामने २३. मान कोणाला?

उत्तर : दुसऱ्याला, आणि हे कागदावर मांडून दाखवता येतं. कॉन्फरन्सची सरासरी ९०.५ धरू. पहिल्याने सामन्याला २८ प्रमाणे ३०८ शॉट झेलले. सरासरीहून २.६ टक्के जास्त, म्हणजे सुमारे ८ गोल वाचवले. दुसऱ्याने ३० प्रमाणे ६९० शॉट झेलले, १.६ टक्क्यांनी सुमारे ११ गोल होतात. टक्केवारी कमी असली तरी संघाला फायदा जास्त.

सामन्यामागे खाल्लेल्या गोलांच्या सरासरीवर भिस्त ठेवू नका. समोरचा संघ १८ शॉटच मारू शकला, तर त्याचं श्रेय बरंचसं बचावफळीचं. गोलरक्षक बाहेर बोलावल्यावर रिकाम्या जाळीत गेलेला गोल त्याच्या खात्यावर जात नाही, हे हिशेबात तपासून घ्या.

प्रश्न : बचावात्मक बचावपटूसाठी प्लस-मायनस पुरेसं आहे का?

उत्तर : नाही. खेळाडू मैदानात असताना संघाने गोल केला तर प्लस, खाल्ला तर मायनस, असा हा हिशेब. पॉवर प्लेवर केलेला गोल त्यात धरत नाहीत, पण रिकाम्या जाळीतला धरतात. त्यामुळे आघाडीवरच्या संघाकडून शेवटच्या दोन मिनिटांत मैदानात असणाऱ्याला फुकटचे प्लस मिळतात. अडवलेल्या शॉटचा आकडाही फसवा असतो. जो सतत आपल्याच गोलपुढे अडकलेला आहे, त्याला अडवायला शॉट जास्त मिळणारच!

त्यापेक्षा प्रशिक्षकाचा भरवसा कोणावर आहे ते पाहा. पेनल्टी किलला (शिक्षेमुळे आपला खेळाडू कमी असतानाच्या बचावाला) पहिल्या जोडीत कोण उतरतं? एका गोलची आघाडी असताना शेवटच्या मिनिटाला, आपल्याच झोनमधल्या (गोलजवळच्या भागातल्या) फेसऑफला, म्हणजे पक टाकून खेळ पुन्हा सुरू होताना, कोण असतं? खेळ पुन्हा सुरू होण्याआधी यजमान संघाला खेळाडूंचा शेवटचा बदल करता येतो, म्हणून घरच्या सामन्यांत समोरच्या पहिल्या लाइनपुढे (मुख्य आक्रमक तिकडीपुढे) कोणाला पाठवलं जातं, हे उघड दिसतं. प्रत्येक उमेदवाराचे असे तीन-चार सामने पूर्ण पाहा. झलकांच्या चित्रफितीत बचाव दिसतच नाही.

प्रश्न : नवोदित खेळाडूला मुख्य पुरस्कार देणं घाईचं नाही का?

उत्तर : अजिबात नाही. राष्ट्रीय पातळीवर कॉलेज हॉकीतल्या सर्वोत्तम खेळाडूला दिला जाणारा होबी बेकर पुरस्कारही पहिल्या वर्षाच्या खेळाडूंना मिळालेला आहे : १९९३ मध्ये मेन विद्यापीठाच्या पॉल करियाला (३९ सामन्यांत १०० पॉइंट), २०१५ मध्ये जॅक आयकेलला, २०२३ मध्ये अ‍ॅडम फँटिलीला आणि २०२४ मध्ये मॅकलिन सेलेब्रिनीला. पण वय बघा. कॉलेजआधीच्या ज्युनियर हॉकीत वर्षं काढून विशीत आलेला आणि सतरा-अठराचा, दोघेही 'नवोदित'च म्हणवतात.

प्रश्न : आम्ही नऊ जण आहोत आणि तिघे एकाच संघाचे चाहते. मतं कशी मोजायची?

उत्तर : आपल्या संघाच्या खेळाडूला मत नाही, हा नियम ठेवा, प्रशिक्षकांच्या मतदानातही असंच बंधन असतं. पहिल्या पसंतीला ५, दुसरीला ३, तिसरीला १ गुण द्या. पण एकूण बेरीज करू नका. त्या संघाच्या खेळाडूला सहाच मतपत्रिका मिळतात, म्हणून बेरजेत तो आपोआप मागे पडतो. त्याला २४ गुण आणि दुसऱ्या एखाद्याला नऊ जणांकडून ३२ गुण असतील, तर भागाकार करा : २४ भागिले ६ म्हणजे ४, ३२ भागिले ९ म्हणजे ३.५६. पहिला जिंकला.

सर्वोत्तम संघात तीन आक्रमक, दोन बचावपटू, एक गोलरक्षक घ्या. सेंटर (मधला आक्रमक) आणि विंग (कडेचे आक्रमक) वेगळे निवडू नका, नाहीतर दुसऱ्या क्रमांकाचा सेंटर बाहेर राहतो आणि सामान्य विंगर आत येतो. मतपत्रिका कॉन्फरन्स स्पर्धा सुरू होण्याआधी गोळा करा. सर्वोत्तम प्रशिक्षकासाठी हंगामपूर्व अंदाजातलं स्थान आणि शेवटचं स्थान शेजारी लिहा. एवढ्यावर निर्णय बहुधा होतो.