एनएमएमएस: यादीत नाव आलं, पैसे का नाही आले?

ताई, तुमचे दोन प्रश्न आहेत: लेकीची एनएमएमएसमध्ये (आठवीत परीक्षा देऊन मिळणारी केंद्राची शिष्यवृत्ती) निवड झाली, नववीचा अर्जही भरला, तरी पैसे जमा नाहीत, आणि दहावीनंतर पॉलिटेक्निकला गेली तर शिष्यवृत्ती चालू राहील का.

ही परीक्षा घेणाऱ्या राज्य परीक्षा परिषदेच्या यादीत नाव लागलं म्हणून पैसे आपोआप सुरू होत नाहीत. वर्षाला 12,000, म्हणजे नववी ते बारावी मिळून 48,000 रुपये केंद्राकडून येतात आणि त्यासाठी नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर दरवर्षी अर्ज लागतो. नववीत फ्रेश, पुढे रिन्यूअल. नववीतला अर्जच चुकला, तर दहावीत नव्याने भरता येत नाही.

आधी तिच्या लॉगिनमध्ये स्टेटस बघा. अर्ज दोनदा तपासला जातो: पहिल्यांदा शाळेकडून, मग जिल्ह्याकडून. अर्ज शाळेच्या पातळीवरच अडकला असेल तर मुख्याध्यापकांना गाठा. मुदत संपली की त्यांच्याही हातात काही उरत नाही. 'डिफेक्टिव्ह' दिसलं तर अर्ज दुरुस्तीसाठी परत आलाय. तो दुरुस्त करून पुन्हा सबमिट करावा लागतो. बहुतेक वेळा घोळ नावाचा असतो: यादीत आडनाव आधी, आधारवर शेवटी, किंवा इंग्रजी स्पेलिंगमध्ये एखादा 'ए' जास्त. शाळेच्या जनरल रजिस्टरशी ताडून बघा आणि जिथे चूक आहे तिथेच दुरुस्ती करा. घाईने आधार बदललंत तर पुढे दहावीच्या कागदपत्रांत नवा गोंधळ.

दोन्ही ठिकाणी मंजूर असेल, तर बँक तपासा. पैसे आधारवरून जमा होतात, त्यामुळे ते आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. तुम्ही कुठलं पासबुक जपून ठेवलंय याच्याशी त्याचा संबंध नाही. पोस्टाच्या पेमेंट्स बँकेत मध्येच खातं उघडलं असेल, तर रक्कम कदाचित तिथेच पडून असेल. आधारच्या वेबसाइटवर 'बँक सीडिंग स्टेटस' बघितलं की बँकेचं नाव कळतं. नुसतं 'केवायसी झालंय' म्हणणाऱ्या बँकेवर विसंबू नका. केवायसी वेगळं, सीडिंग (म्हणजे खातं आधारला जोडणं) वेगळं.

आता पुढचं. दहावीत साधारण 60 टक्के हवेत, एससी-एसटीला 55. अकरावीचं कॉलेज शासकीय किंवा अनुदानित असावं. स्वयंअर्थसहाय्यित कॉलेजात प्रवेश घेतला की शिष्यवृत्ती थांबते. ऑनलाइन प्रवेशाचे पसंतीक्रम भरताना हे कुणी सांगत नाही, म्हणून मुद्दाम लिहितोय. डिप्लोमा आणि आयटीआयला एनएमएमएस लागू नाही.

पण तेवढ्यासाठी पॉलिटेक्निक सोडू नका. तिथे महाडीबीटीवर (राज्याच्या शिष्यवृत्त्यांचं पोर्टल) राजर्षी शाहू शुल्क शिष्यवृत्ती आहे, उत्पन्न मर्यादा 8 लाख. राखीव प्रवर्गांच्या योजना वेगळ्या, त्याही तिथेच. प्रवेश मात्र कॅप फेरीतूनच (सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) घ्या. इन्स्टिट्यूट लेव्हलच्या, म्हणजे संस्था स्वतः भरते त्या जागेवर गेलात तर फी खिशातून भरावी लागेल. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला निकालाची वाट न बघता काढून ठेवा, जूनमध्ये सेतूवर रांगा लागतात.