सापशिडी खेळून मुलं खरंच काही शिकतात का?

प्रश्न असा आहे: ‘मुलगी पाच वर्षांची आहे, रोज सापशिडी मागते. यातून खरंच काही शिकते का, की तो वेळ अभ्यासाला द्यावा? आणि बुद्धिबळाचा क्लास कधी लावावा?’

शिकते. पण सोंगटी कोण हलवतं आणि हलवताना तोंडाने काय म्हणतं, यावर सगळं आहे. बहुतेक ठिकाणी नेमकं इथेच चुकतं आणि मग ‘खेळवून पाहिलं, काही फरक पडला नाही’ म्हणून पट माळ्यावर जातो. याची मला मनापासून चीड येते.

एकच चाल घ्या. सोंगटी २७ वर आहे, फाशावर ४ पडले. मुलगी ‘एक, दोन, तीन, चार’ म्हणत ३१ वर पोचते. चाल बरोबर, मोठी माणसं शाब्बास म्हणतात. पण चारपर्यंत मोजणं तिला आधीच येत होतं. मधल्या तीन घरांवरचे आकडे तिने वाचलेही नाहीत. आता तीच चाल अशी: ‘अठ्ठावीस, एकोणतीस, तीस, एकतीस.’ प्रत्येक घरावर सोंगटी टेकवायची आणि त्या घराचा आकडा म्हणायचा. चार घरं झाली की नाही हे तिला वेगळं लक्षात ठेवावं लागतं, त्यासाठी दुसऱ्या हाताची बोटं वापरली तर वापरू द्या. मराठीत तर याची गरज जास्तच आहे. ‘अठ्ठावीस’मध्ये आठ आधी ऐकू येतो, पण लिहिलेला दोन आधी दिसतो. ‘एकोणतीस’मध्ये तीस ऐकू येतो आणि घरात तीनचा पत्ता नसतो. नुसत्या पाढ्यासारख्या घोकंपट्टीने ही गाठ सुटत नाही, कारण तेव्हा आकडा डोळ्यांसमोर नसतो.

हे माझं नुसतं मत नाही. एलिडा लास्की आणि रॉबर्ट सिगलर या संशोधकांनी २०१४ साली बालवर्गातल्या मुलांना शंभरपर्यंतचा पट दिला. पट तोच, काही मुलं घरावरचा आकडा म्हणत पुढे गेली, काही दर चालीला एकपासून मोजत गेली. फायदा पहिल्या मुलांना झाला. त्याआधी २००८ मध्ये गीता रमाणी आणि सिगलर यांनी आकड्यांची सरळ पट्टी आणि नुसत्या रंगांची पट्टी अशी तुलना केली होती. दोन आठवड्यांत पंधरा-वीस मिनिटांचे चार डाव, एवढंच. आकड्यांच्या पट्टीवर खेळलेली मुलं मोजणं, आकडा ओळखणं, लहान-मोठं सांगणं यात पुढे गेली आणि नऊ आठवड्यांनीही तो फरक टिकून होता. रंगांच्या पट्टीने असं काही झालं नाही.

मुलगी अजून वीसच्या आत अडखळत असेल तर शंभराचा पट बाजूला ठेवा. पुठ्ठ्यावर एका ओळीत दहा सारखी घरं आखा, डावीकडून १ ते १०. घरं लहानमोठी झाली तर अंतराचा अंदाज बिघडतो, तेव्हा पट्टीने मोजूनच आखा. नेहमीचा फासा इथे चालत नाही, दोन-तीन टाक्यांत डाव संपतो. फाशाच्या तीन बाजूंना १ आणि तीन बाजूंना २ चिकटवा. उभ्या घरालाच ‘एक’ म्हणून मोजणं ही या वयातली नेहमीची चूक. त्यावर ‘आधी उडी, मग आकडा’ हा नियम पुरतो. मूल चुकलं की तुम्ही चाल करून दाखवा, पण सोंगटी परत मागे ठेवून तिला स्वतः चालू द्या. घाईपोटी तिची सोंगटी आपण सरकवायची नाही.

बाजारातल्या पटांत आणखी एक खोड असते. दुसरी ओळ उजवीकडून डावीकडे जाते, त्यामुळे ७ च्या डोक्यावर १४ येतो आणि त्यावर २७. सगळ्या ओळी डावीकडून उजवीकडे लिहिल्या तर ७, १७, २७ एका उभ्या रेषेत येतात आणि दहाची उडी डोळ्यांना दिसते. असा पट घरीच आखा.

‘शैक्षणिक खेळ’ म्हणून जे प्रश्नांच्या कार्डांचे खेळ येतात, ते मला अजिबात पटत नाहीत. उत्तर चुकलं की पाळी गेली. म्हणजे ज्याला सराव हवा त्यालाच सगळ्यात कमी सराव! आणि प्रश्न काढून घेतला तरी खेळ तसाच चालतो, म्हणजे गणित त्यात वरून चिकटवलेलं आहे. दोन फाशांची शर्यत घेऊन पाहा, सात-आठ वर्षांच्या मुलांसाठी. २ ते १२ अशा अकरा सोंगट्या, जी बेरीज येईल त्या आकड्याची सोंगटी एक घर पुढे, दहा घरांची वाट. मुलं आधी हटकून १२ निवडतात, मोठा आकडा म्हणून. कोण जिंकलं ते प्रत्येक डावानंतर लिहून ठेवा, पण कारण सांगू नका. छत्तीस जोड्यांपैकी ७ सहा जोड्यांनी येतो आणि १२ एकाच. हे त्यांचं त्यांना सापडू द्या. इथे गणित काढलं तर खेळच उरत नाही.

बुद्धिबळाचं थोडक्यात. आवडत असेल तर जरूर शिकवा, गणितासाठी म्हणून नको. इंग्लंडमध्ये १०० प्राथमिक शाळा घेऊन निम्म्या शाळांतल्या नऊ-दहा वर्षांच्या मुलांना ३० तास बुद्धिबळ शिकवलं. वर्षभराने गणिताच्या परीक्षेत फरक दिसला नाही. तो अहवाल २०१६ चा. बुद्धिबळाने बुद्धिबळ येतं, आणि ते कमी नाही.

आणि हो, वरचा सगळा फायदा आकडे अजून नीट न बसलेल्या मुलांचा आहे. तुमची मुलगी ‘एकोणपन्नास मोठा की सत्तेचाळीस’ हे पटकन सांगत असेल तर पुढे जाण्याने फारसं काही मिळणार नाही. मग १०० वरून १ कडे या. फाशावर ४ पडले की सत्तावीसवरून ‘सव्वीस, पंचवीस, चोवीस, तेवीस’. आता साप हवासा वाटतो आणि शिडी नकोशी.