हेल्मेटच्या आत कोण होतं?

मागच्या अंकात लहानपणच्या सिरियलींबद्दल लिहिताना मी पॉवर रेंजर्सचं, म्हणजे रंगीत ड्रेस न् हेल्मेट घालून राक्षसांशी लढणाऱ्यांच्या त्या मालिकेचं, नुसतं नाव घेतलं होतं, फार तर एक ओळ, आणि त्या एका ओळीवर इतकी पत्रं न् मेसेज आले की संपादकबाई म्हणाल्या या वेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेव आणि हेच घे. घेतलं. सगळ्यांचे प्रश्न बसले नाहीत, ज्यांचा राहिला त्यांनी रागवू नका.

*दादा, मोठ्या भावाशी पैज लागलीये. तो म्हणतो पॉवर रेंजर्स जपानी, मी म्हणतो अमेरिकन, कारण तोंडं तर गोऱ्यांची दिसायची. पैज शेवभाजीची आहे. — धाकटा, अमळनेर*

बिल अर्धं अर्धं करा, दोघंही अर्धे बरोबर आहात. मूळ जपानी. तोएई नावाच्या कंपनीने १९७५ मध्ये 'गोरेंजर' नावाची मालिका काढली, कल्पना शोतारो इशिनोमोरी या चित्रकथाकाराची, पाच जण, पाच रंग, आणि ती ८४ भाग चालली. त्यातला पिवळा तर कढी-खिचडीवर तुटून पडावं तसा करीवर तुटून पडायचा, म्हणजे जपानी करी-भातावर, आणि तेव्हापासून पिवळा म्हणजे खादाड ही गंमत तिकडं पक्की झाली. पुढं यालाच सुपर सेन्ताई म्हणायला लागले, सेन्ताई म्हणजे लढणारी तुकडी, आणि जवळजवळ दरवर्षी नवे पाच जण, नवा ड्रेस, नवा रोबो.

आता अमेरिका कुठून आली, तर हैम सबान नावाच्या माणसाने ऐंशीच्या दशकात जपानात 'बायोमन' पाहिली, १९८४ ची, आणि त्याच्या डोक्यात किडा वळवळला की हेच आपल्याकडं केलं तर. बरीच वर्षं कोणी दारात उभं केलं नाही. शेवटी १९९२ ची 'झ्युरेंजर' घेऊन त्यातली मारामारी, राक्षस, रोबो तसेच ठेवले, आणि शाळा, कॉलेज, ज्यूसबार, म्हणजे जिथं जिथं तोंड दिसतं तो भाग अमेरिकन पोरं घेऊन नवा शूट केला. ऑगस्ट १९९३ मध्ये ते टीव्हीवर आलं आणि पुढचं सगळ्यांना माहितीये. तर हिशेब असा धरा, हेल्मेट घातलं की जपान, काढलं की अमेरिका. आणि आपण टून डिस्नेवर हिंदीत जे पाहिलं, एसपीडी, मिस्टिक फोर्स वगैरे पॉवर रेंजर्सचे पुढचे सीझन, त्यांचा हेल्मेट काढल्यावरचा देश न्यूझीलंड, कारण २००३ पासून शूटिंग तिकडं हललं होतं. हेल्मेटवाले काही सीन तिकडंही नव्याने काढायचे म्हणा, पण रोबो न् मोठी मारामारी बहुतेक जपानचीच.

*भाऊ, माले एक सांगा, त्या लोके नेहमी खदानमाच काबर मारामारी करतस? शहर वाचाडानं सोडीसन खदानमा काय काम? — यावल*

भो, हा प्रश्न मलाही दहा-अकरा वर्षांचा असताना पडला होता आणि मी स्वतःशीच उत्तर काढलं होतं की ही भुसावळजवळचीच खदान असावी, कारण आमच्या रेल्वे क्वार्टरामागं दिसायची ती अगदी तशीच होती, तोच मुरूम, तोच कापलेला कडा, फक्त रेंजर नव्हते.

खरं कारण साधं आहे. बॉम्ब फोडायचेत. दर आठवड्याला. मागं आगीचा लोळ उठला पाहिजे आणि पुढं पाच जण ओळीत उभे पाहिजेत, आता हे कोणाच्या वस्तीत करणार? जपानात तोचिगी जिल्ह्यात इवाफुने नावाचा डोंगर आहे, तिथं पूर्वी दगड काढायचे, ती बंद पडलेली खदान या लोकांची ठरलेली जागा, टोकियोपासून फार लांब नाही, मोकळी, आणि मागं तो उभा दगडी कडा कॅमेऱ्यात झकास दिसतो. म्हणून दुकानासमोर सुरू झालेली मारामारी एक उडी मारली की थेट खदानीत. आपण कधी विचारलंच नाही की मधला रस्ता कुठं गेला.

आणि तलवार लागली की रक्ताऐवजी ठिणग्या उडायच्या ना, ते ड्रेसवर लावलेले फटाक्याच्या दारूचे छोटे छोटे बार. पोरांच्या कार्यक्रमात रक्त कसं दाखवणार. आमच्याकडं ठिणग्या नव्हत्या, आमच्याकडं केळीचं खोड होतं. घड उतरवून झाला की मामाच्या शेतात ते खोड आमचा राक्षस, लाकडी पट्टी मारली की सपकन आत जायची आणि वरून ते चिकट पाणी शर्टावर, ज्याचा डाग आजवर कुठल्या साबणाने गेलेला नाही.

*ते रेंजर बोलताना एवढे हातवारे का करायचे? माझी बायको म्हणते गणपतीच्या आरासीतले पुतळे हलतात तसं वाटतं. — चाळीसगाव*

वहिनींची नजर चांगली आहे, पण इथं मी भांडणार, कारण मला विचाराल तर सगळ्यात भारी काम त्यांचंच होतं.

हेल्मेटमधला माणूस म्हणजे हिरो नसायचा बहुतेक वेळा, तो वेगळा स्टंटवाला. त्याचं तोंड दिसत नाही, डोळे दिसत नाहीत, आवाज मागाहून दुसऱ्याच माणसाचा चिकटवलेला. मग पाच हेल्मेटं एका ओळीत उभी असताना बोलतंय कोण हे पोराला कळणार कसं? बोलणाऱ्याने मान हलवायची, मूठ आवळायची, छाती पुढं काढायची, बाकीच्यांनी गप उभं राहून त्याच्याकडं बघायचं. राग आला तर खांद्यात दाखवायचा, घाबरला तर गुडघ्यात. म्हणूनच त्यावर इंग्रजी टाका, हिंदी टाका, उद्या कोणी अहिराणी टाकली तरी बसेल, ओठ जुळवायची भानगडच नाही! आणि हे सगळं काचेच्या एवढ्याशा फटीतून बघत, घामाने भिजत, वर उड्या मारत. काझुओ निईबोरी नावाचा एक माणूस ऐंशीच्या दशकात वर्षामागून वर्ष लाल रेंजरच्या ड्रेसमध्ये होता, मालिका बदलायची, तोंड दाखवणारा हिरो बदलायचा, लाल कपड्यातला माणूस तोच. तिकडं त्याला चाहते मिस्टर रेड म्हणतात. आपल्याला त्याचं नाव कधी कळलं नाही.

रोबोच्या आतही माणूसच बरं का. लहान लहान बिल्डिंगी मांडायच्या, मधे ड्रेस घातलेला माणूस सोडायचा, आणि कॅमेरा जास्त स्पीडने चालवायचा, मग साध्या स्पीडने दाखवलं की तोच माणूस शंभर फुटी न् जड वाटतो.

*एसपीडीमधला कुत्र्याच्या तोंडाचा कमांडर आठवतो का? आणि राक्षसांना कार्डात कैद करायचे ते? माझ्या मुलाला दाखवलं तर तो म्हणाला पप्पा हे तर पत्ते खेळतायत. — बटर टोस्ट, शिरपूर*

नाव वाचूनच कळलं तुम्ही हिरव्या रेंजरच्या पार्टीतले! टोस्ट म्हटलं की बोटं हलवत 'बटरी' म्हणणारा तो ब्रिज आमच्या घरातही फेमस होता.

कमांडर कसा विसरेन. डॉगी क्रूगर, निळा कुत्रा, छातीवर १०० आकडा, तलवार काढली की आमच्याकडं लाईट जायची. खोटं नाही बोलत, लोडशेडिंगचे दिवस होते, संध्याकाळचा टाईम आणि एपिसोडचा टाईम असे काही जुळले होते की रोबोचे हातपाय जोडून होईपर्यंत आम्ही पाहायचो आणि मग अंधार. पुढचं काय झालं ते दुसऱ्या दिवशी वर्गात अशा पोराकडून कळायचं ज्याच्या एरियात लाईट होती, आणि तो मनाने वाढवून सांगायचा. रोबोने चंद्र फोडला म्हणून सांगितलं होतं एकदा त्याने.

पण तुमच्या कार्डाची गोष्ट मला वयाच्या तिशीत कळली आणि मी खरंच उठून बसलो. जपानची मूळ मालिका 'डेकारेंजर', २००४ ची. डेका म्हणजे तिकडच्या बोलीत डिटेक्टिव्ह, आपण साध्या भाषेत सीआयडीवाला म्हणतो तसं. एसपीडी ही अक्षरं पण तिथलीच, तिकडं त्याचा अर्थ स्पेशल पोलीस डेकारेंजर, अमेरिकेने अक्षरं तीच ठेवून स्पेस पट्रोल डेल्टा करून टाकलं. तर त्या मूळ मालिकेत गुन्हेगार सापडला की रेंजर त्याच्यावर यंत्र रोखतो, लांब कुठंतरी विश्वाचं सुप्रीम कोर्ट बसलेलं आहे, तिथं खटला चालतो, एका मिनिटात, आणि यंत्रावर गोल किंवा फुली येते. गोल म्हणजे निर्दोष. फुली म्हणजे डिलीट. डिलीट म्हणजे खरंच डिलीट, जागेवर मृत्युदंड!

आपल्याकडं दिसलेल्या एसपीडीत फुली तशीच आहे, बंदूक तशीच, फक्त शेवटी राक्षस मरत नाही, कार्डात जातो. एका छोट्या बदलाने अख्ख्या गोष्टीचा रंगच बदलला. लहानपणी मला कार्डाचंच आवडायचं, आता वाटतं मूळवालं जास्त अवघड आहे, पोरांच्या कार्यक्रमात एका मिनिटात फाशी, आणि ती देणारे आपले लाडके पाच जण. वकील नाही, अपील नाही. आमच्या ओळखीतल्या एका वकिलांना हे सांगितलं तर ते म्हणाले एका मिनिटात निकाल लागतो तो देश कुठला, मी तिकडं प्रॅक्टिसला जातो.

आणि हो, एसपीडीची गोष्ट कुठल्या साली घडते माहितीये? २०२५. तेव्हा वाटायचं केवढं लांबचं वर्ष. आलंसुद्धा ते, आणि आपल्याकडं अजून ट्रान्सफॉर्मरच जळतायत.

*जुन्या मालिकेत गुलाबी रेंजरला स्कर्ट होता, पिवळीला का नव्हता? दोघी मुलीच ना? — पारोळा*

ताई, कारण पिवळी जपानात पिवळा होता. झ्युरेंजरमध्ये तो बोई नावाचा मुलगा. अमेरिकेने तोंडाच्या जागी मुलगी बसवली, पण मारामारीचं फुटेज तर मुलाचंच, मग स्कर्ट येणार कुठून. माझी बहीण कायम पिवळी व्हायची आणि स्कर्ट नाही म्हणून खूष असायची, उड्या मारायला बरं. तिला हे अजून सांगितलेलं नाही.

*तुम्ही सगळे आत्ताची पोरं. आमच्या वेळी दूरदर्शनवर जायंट रोबोट होता, त्याच्यापुढं तुमचे रेंजर काय! वय सांगत नाही. — धुळे*

काका, मान्य. तोही जपानीच, मूळ १९६७-६८ चा, फक्त २६ भाग, मित्सुतेरू योकोयामा यांच्या चित्रकथेवरून. हातातल्या घड्याळात बोलून रोबोटला बोलावणारा जॉनी, आणि अख्ख्या गल्लीत मनगटावर पेनाने घड्याळ काढून त्यात ओरडणारी तुमची पिढी, आमच्या थोरल्या काकांनी सांगितलंय सगळं. शेवटच्या भागात रोबोट जॉनीचं न ऐकता त्या खलनायक गिलोटिनला उचलून आकाशात घेऊन जातो आणि उल्केवर आदळतो, ते सांगताना आमचे काका, दूध डेअरीतून रिटायर झालेला माणूस, चष्मा पुसायला लागतात. मी पुढं काही बोलत नाही.

*जुन्या पॉवर रेंजर्समधली ती शिंगांच्या टोपीवाली बाई, रिटा, तिला मी फार घाबरायचे. ती खरी कोण होती? — भुसावळ*

गाववाल्या निघालात की. हा प्रश्न मुद्दाम शेवटी ठेवला.

तिचं नाव माचिको सोगा. वर म्हटलं ना, हेल्मेट काढलं की अमेरिका, तर त्या पहिल्या सीझनमध्ये हेल्मेटशिवाय सतत दिसणारा जपानी चेहरा जवळजवळ तिचाच एकटीचा. बाकी सगळ्यांची तोंडं बदलली, हिचं बदललं नाही, तिचेच मूळ सीन उचलून वर इंग्रजी आवाज चढवला, दुसऱ्या सीझनला मग अमेरिकन नटी आली. दुर्बिणीतून बघून डोकं दुखतंय म्हणून ओरडणारी न् खदाखदा हसणारी जी तुम्ही पाहिलीत ती ही.

पुढं २००५ मध्ये 'माजिरेंजर' नावाच्या मालिकेत तिने चांगल्या बाजूची देवता केली, आणि अमेरिकेने ते फुटेज मिस्टिक फोर्समध्ये वापरताना सांगून टाकलं की हीच एकेकाळची रिटा, आता सुधारली. तोवर सोगाबाई गेल्या होत्या, मे २००६ मध्ये.

आणि एक. झ्युरेंजरमध्ये तिचं नाव बांदोरा, आणि ती चेटकीण का झाली याची गोष्ट आहे तिथं. तिचा मुलगा मेलेला असतो, काई नावाचा, त्या दुःखात तिने सैतानाला आपला आत्मा विकलेला असतो. शेवटी शेवटी तो मुलगा तिला परत मिळतो आणि पुन्हा मरतो. तेव्हा ती रडते, आणि डोळ्यात पाणी आलं म्हणून तिची सगळी जादू जाते. ती गोष्ट अमेरिकेने घेतलीच नाही. आपल्यापर्यंत तिचं हसणं तेवढं पोचलं.